वाट वाकडी करणे



'वाकडी वाट' आणि 'वाट वाकडी करणे' यांत मराठीने मोठा फरक केला आहे. वाकड्या वाटेला लागलेल्या माणसाची आपल्याला काळजी वाटते. पण कोणी वाट वाकडी करून आपल्या घरी आला, तर आपण त्याला आधी पाणी देतो, मग चहा, आणि तो गेल्यावरही दिवसभर बरे वाटत राहते. शब्द तेच आहेत, अर्थ मात्र उलटा.

आज या दुसऱ्या गोष्टीविषयी थोडा विचार करू. प्रश्न साधा आहे. काही काम नसताना, कुठे पोहोचायचे नसताना, आपल्याच गावात पायी भटकणे हा वेळेचा अपव्यय आहे का? आणि ज्याच्या दाराशी दहा कामे खोळंबली आहेत, त्याला असा वेळ घालवण्याचा हक्क आहे का?

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्यांना हा प्रश्न विचित्र वाटेल. आपण चालतो ते स्टेशन गाठायला, रिक्षा मिळेपर्यंत, मुलांना शाळेत सोडायला. २०१४ साली वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो आली, २०२४ साली सीप्झ आणि मरोळ नाक्याखालून भुयारी मेट्रो धावू लागली. सोय झाली, त्याबद्दल देवाचे आभार. पण जमिनीखालून जाणाऱ्याला वरचे गाव दिसत नाही, हेही खरे.

काही दिवसांपूर्वी मरोळला एका आजारी व्यक्तीला कम्युनियन देऊन आम्ही बाहेर पडलो. त्यानंतरची भेट पुढे ढकलल्याचा फोन आला आणि हातात दीड तास उरला. आम्ही रिक्षा केली नाही. पाय नेतील तिकडे निघालो.

गावठाणातल्या अरुंद गल्लीत अजून काही जुनी कौलारू घरे टिकून आहेत. एका ओट्यावर बाटली मसाल्यासाठी मिरच्या वाळत होत्या. आपल्या उपनगरांत असे अनेक क्रूस आहेत, जे १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगच्या दिवसांत लोकांनी रक्षणासाठी प्रार्थना करत उभारले. चर्चला किंवा दवाखान्याला जाता येईना, तेव्हा माणसे गल्लीच्या तोंडाशी जमून रोझरी म्हणत. आज त्याच क्रुसांना टेकून मोटारसायकली उभ्या असतात.

पुढे एमआयडीसीचे रस्ते लागले, आणि मग सीप्झची भिंत. १९७३ साली सुरू झालेल्या या निर्यात क्षेत्रात हजारो माणसे दागिने घडवतात, संगणकावर काम करतात. त्याच भिंतीच्या आत जेझुइट धर्मगुरूंनी १५७९ साली बांधलेल्या संत जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष उभे आहेत. १८४० च्या सुमारास साथ आली, लोकांनी ती जागा सोडली आणि धर्मग्राम मरोळला हलला. आजही वर्षातून एकदा, मे महिन्यात, जुन्या गावकऱ्यांचे वंशज तिथे मिस्साला जमतात. एरवी पास असल्याशिवाय आत जाता येत नाही. आम्ही भिंतीच्या बाहेरूनच प्रार्थना केली.

तिथून पश्चिमेला कोंडिविट्याच्या टेकडीवर महाकाली लेणी आहेत. नाव देवीच्या देवळावरून पडले, पण लेणी बौद्ध भिक्खूंची. लहानमोठी एकोणीस लेणी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून सहाव्या शतकापर्यंत खोदलेली. नवव्या लेण्यात दगडातच कोरलेली एक गोल खोली आहे. गवताने शाकारलेल्या झोपडीसारखी दिसणारी, दगडी जाळीच्या खिडक्यांची, आणि आत स्तूप. तिथल्या एका शिलालेखात गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने आपल्या भावासह विहार दान दिल्याची नोंद आहे. भिक्खूंचा धर्म वेगळा, दात्याचे गोत्र वेगळे, आणि देणारे दोघे भाऊ. दोन भाऊ एकत्र येऊन काही देतात, हे आजच्या वाटण्यांच्या दिवसांत वाचायला बरे वाटते.

तीनेक किलोमीटरच्या या फेरफटक्यात दोन हजार वर्षे आली. बौद्ध आले, हिंदू आले, पोर्तुगीज आले, १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली, १७७४ साली साष्टी इंग्रजांकडे गेली. युरोपातल्या जुन्या शहरांची छायाचित्रे पाहून आपण हळहळतो, की इतिहास असावा तर असा. इटलीत संध्याकाळी साऱ्या गावाने रस्त्यावर रमतगमत फिरण्याची रीत आहे, तिला 'पासेजाता' म्हणतात. त्यांचे गाव त्यांना जुने वाटते, कारण ते त्यात फिरतात. आपले गावही तितकेच जुने आहे. आपण त्यातून फक्त जातो.

पण आज सांगायचे आहे ते इतिहासाबद्दल नाही. या वाटेत तीन माणसांनी आम्हांला एकच प्रश्न केला, 'कुठे निघालात, फादर?' आम्ही म्हणालो, 'कुठे नाही, असेच.' दोघे हसले आणि गेले. तिसरे गृहस्थ आपल्या ओट्यावर बसले होते, वय ऐंशीच्या पुढे. ते म्हणाले, 'मग बसा की.' आम्ही बसलो.

मुलगा रोज येतो, ते सांगत होते, गोळ्या दिल्यात की नाही बघायला. नर्स येते रक्तदाब बघायला. गॅसवाला येतो, बिल्डरचा माणूस सही मागायला येतो. 'माणसांची काही कमी नाही, फादर. पण कामाशिवाय कोणी येत नाही. बायको गेल्यापासून कामाशिवाय आलेले तुम्हीच.' त्यात कोणाविषयी तक्रार नव्हती. मुलगा चांगला आहे, नर्स चांगली आहे. पण सगळे जण काहीतरी करायला येतात, आणि ते काम म्हणजे ते स्वतःच असतात.

इथे ॲरिस्टॉटलची आठवण होते. त्याने माणसाच्या क्रियांचे दोन प्रकार सांगितले आहेत. घर बांधणे ही एक क्रिया आहे. बांधून होईपर्यंत ती अपुरी असते आणि पूर्ण झाली की संपते. पाहणे ही दुसऱ्या प्रकारची क्रिया. ज्या क्षणी आपण पाहतो, त्याच क्षणी ती पूर्ण असते, आणि तरीही चालू राहू शकते. चालणे त्याने पहिल्या प्रकारात घातले आहे, कारण चालणारा कुठून तरी कुठेतरी जात असतो. ते बरोबरच आहे. पण पोहोचायचे ठिकाणच नसेल, तर चालणे हळूच दुसऱ्या प्रकारात सरकते. ते पाहण्यासारखे होते. कोणाच्या सोबत बसणेही तसेच. औषध देणे पूर्ण व्हावे लागते. सोबत बसणे पहिल्या क्षणापासूनच पूर्ण असते.

आता शुभवर्तमानातला दयाळू शोमरोनी पाहा. याजक आणि लेवी 'दुसऱ्या बाजूने' गेले. ते दुष्ट होते असे प्रभू येशू म्हणत नाही. १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या सेमिनरीतील चाळीस विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन बोलायला सांगितले. काहींचा विषय तर हाच दृष्टान्त होता. वाटेत दाराशी एक माणूस खोकत, कण्हत पडलेला. ज्यांना 'तुम्हांला उशीर झाला आहे' असे सांगितले होते, त्यांच्यापैकी १० टक्के मदतीला थांबले. ज्यांच्याकडे वेळ होता, त्यांच्यापैकी ६३ टक्के. दयाळू शोमरोन्यावर बोलायला जाणे की दुसऱ्या विषयावर, याने लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. फरक पाडला तो घाईने.

म्हणजे घाई ही केवळ सवयीची गोष्ट नाही, ती नैतिक गोष्ट आहे. आपण स्वतःला किती वेळ मोकळा ठेवतो, यावर आपण किती चांगले असू शकतो हे काही प्रमाणात ठरते. शोमरोनी रिकामा नव्हता. त्यालाही प्रवास होता. दुसऱ्या दिवशी तो खाणावळवाल्याला पैसे देऊन पुढे गेलाच. पण त्याचे काम वाकू शकत होते. त्याने वाट वाकडी केली.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही खरे आहेत. पहिला असा, की फिरायला सवड लागते. विरारहून लोकलला लटकून येणाऱ्याने, दिवसभर उभ्या असणाऱ्या वॉचमनने कुठे भटकावे? बायकांना तर तेवढीही मोकळीक नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉइटर?' या मुंबईवरच्या पुस्तकात दाखवले आहे, की रस्त्यावरच्या बाईला आपण कामाला निघालो आहोत हे सतत दाखवावे लागते. नुसते उभे राहिले तर लोक संशयाने बघतात. हे मान्य केलेच पाहिजे. पण यावरून विनाकारण फिरणे वाईट ठरत नाही. ते चांगले आहे आणि सर्वांच्या वाट्याला येत नाही, एवढेच ठरते. जे चांगले आहे ते थोड्यांनाच मिळत असेल, तर मिळालेल्यांवर जबाबदारी येते. घरातल्या आईला, सुनेला आठवड्यातून एक तास 'जा, कुठे जातेस ते सांगू नकोस' असे म्हणणे, हेही या जबाबदारीत येते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. एकाकी माणसे भेटावीत म्हणून फिरायला निघालो, तर तेही कामच झाले की! खरे आहे. झोप यावी म्हणून धडपडणाऱ्याला झोप येत नाही, तसेच हे आहे. काही गोष्टी लक्ष्य धरून मिळत नाहीत. त्यांच्यासाठी फक्त जागा करून ठेवावी लागते. फिरताना कोणी भेटले नाही, तरी तो तास वाया गेला नाही. आपण आकाश पाहिले, गल्लीचे नाव कळले, कोणाच्या तरी अंगणात शेवगा फुलला आहे हे दिसले. आणि ज्याला विनाकारण पाहायची सवय आहे, त्याची नजर कारण आल्यावर चुकत नाही.

२६ जुलै २००५ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी रस्त्यावर आली, गाड्या बंद पडल्या आणि सारे शहर पायी घरी निघाले. अनोळखी घरांनी दारे उघडली, बिस्किटे वाटली, रात्रभर माणसांना झोपायला जागा दिली. माणसे त्या एका रात्रीत बदलली नव्हती. ती तशीच होती. त्या रात्री ती एकमेकांना दिसली, एवढेच. त्यासाठी पुराची वाट पाहण्याचे कारण नाही.

तेव्हा या आठवड्यात अर्धा तास काढावा, मोबाईल घरी ठेवावा आणि आपल्या रोजच्या रस्त्याच्या शेजारच्या गल्लीत शिरावे, एवढी विनंती आहे. कोणी विचारलेच 'कुठे निघालात?', तर 'असेच' म्हणावे. आणि कोणी 'मग बसा की' म्हणाले, तर बसावे.

आपले धर्मगुरू