पान, फूल, फळ आणि टँकरचं पाणी



आजचं चिंतन गीतेच्या नवव्या अध्यायातल्या 26व्या श्लोकावर. आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो पाठ असेल. पान, फूल, फळ किंवा पाणी, जो कोणी भक्तीने देईल त्याचं ते मी घेतो, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. आपण हा श्लोक ऐकतो तो ‘बघा, देवाला किती थोडं लागतं’ एवढ्याच अर्थाने. आणि या चारांतलं सगळ्यात स्वस्त काय, तर पाणी. फूल नाही मिळालं तर तांब्याभर पाणी आहेच की!

हा हिशोब नळाला पाणी असणाऱ्यांचा आहे.

2023 साली पाऊस कमी पडला. सरकारने राज्यातले जे 40 तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात सोलापूर जिल्ह्यातला माढा होता. माझं आजोळ तिथलं. 2024च्या पाडव्याच्या आधी मी आजीकडे गेले ती दीड महिना राहिले. घरामागे तिची परसबाग. वांग्याची दहा-बारा झाडं, मिरच्या, अळू, एक शेवगा, कढीपत्ता, आणि न्हाणीच्या भिंतीला लागून मोगरा. तो मोगरा देवाचा. ऊन तापायला लागलं की रोज सकाळी ओंजळभर कळ्या विठ्ठलाच्या तसबिरीपुढे ठेवायच्या, हा नेम माझी आई परकरात होती तेव्हापासूनचा.

त्या वर्षी आडाने माघातच तळ दाखवला. टँकर यायचा चार-पाच दिवसांनी. पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि शेळीचं काढून ठेवलं की बागेला घागरभर उरलं तर उरलं. तांदूळ धुतलेलं पाणी मिरच्यांना, भांडी विसळलेलं अळवाला. आंघोळीला साबण बंद (माझा शाम्पू तर पहिल्याच दिवशी माळ्यावर गेला), कारण न्हाणीचं पाणी झाडांना जायचं. तिने जुन्या मडक्यांच्या बुडाला बारीक भोकं पाडली, त्यांत चिंधीची वात घातली आणि दोन झाडांमध्ये एक अशी ती गळ्यापर्यंत पुरली. दिवस मावळल्यावर त्यांत पाणी भरायचं. ते थेंब-थेंब मुळाशी झिरपतं, वरची माती कोरडीच दिसते. भोवती उसाच्या पाचटाचा जाड थर, ऊन लागू नये म्हणून.

एवढं करूनही सगळ्यांना पुरेना. मग एका संध्याकाळी आजीने खुरपं घेतलं आणि न्हाणीचा पाट मोगऱ्याकडून वळवून वांग्यांकडे नेला.

मी म्हटलं, “आजी, देवाचं झाड वाळवतेस?”

“इठ्ठलाला तुळशीचं पान बी चालतंय,” ती म्हणाली. “मामाच्या पोरांच्या ताटात काय वाढू, कळ्या?”

आता या ठिकाणी श्लोक अडतो. 26व्यात फूल आहे, पण ताटातलं वांगं कुठे आहे? म्हणून मला वाटतं, हा श्लोक एकट्याने वाचूच नये. लगेच पुढचा, 27वा वाचावा. तिथे भगवंत चार वस्तूंची यादी मोडून टाकतात. जे करशील, जे खाशील, जे हवन करशील, जे देशील, जे तप करशील, ते मला अर्पण कर. खाणंसुद्धा त्यात आलं! पोरांच्या पोटात गेलेलं वांगं देवाच्या हिशोबातून वजा होत नाही.

आजीने गीता वाचलेली नाही. पण तिच्याच तालुक्यात अरण आहे, संत सावता माळ्याचं गाव (1250 ते 1295). पंढरी एवढी जवळ असूनही त्याने मळा सोडला नाही, भाजीच्या वाफ्यातच त्याला विठ्ठल दिसला, असं परंपरा सांगते. आजही त्याच्या पुण्यतिथीला पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला येते. देव माळ्याकडे जातो. तिकडच्या बायाबापड्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

पण यातून पळवाटही निघते, ती आपल्यासारखे लोक बरोबर काढतात. सगळंच अर्पण, मग पूजा कशाला, नेम कशाला? आजीचं तसं नव्हतं. पाट वळवल्यावरही ती रोज पहाटे परडी घेऊन मोगऱ्यापाशी जायची. चार-सहा कळ्या मिळत, मग दोन, मग पानंच पिवळी पडली. परडी रिकामी घेऊन परत यायची आणि कुणाशी बोलायची नाही. तिला ते सोपं गेलं नव्हतं. चाळीस-पन्नास वर्षांचा नेम होता तो.

19 एप्रिलला चैत्री एकादशी होती. तसबिरीपुढे तुळशीचं एक पान, भगरीचा नैवेद्य. ताम्हनात छोट्या पितळी विठ्ठलाला आंघोळ घातली, तीही पळीनेच. आम्हाला तीर्थ देऊन झाल्यावर उरलेलं पाणी, जेमतेम अर्धी वाटी, ती बाहेर घेऊन गेली आणि मोगऱ्याच्या वाळक्या बुंध्याशी तिने हळूच ओतलं.

“ह्यो देवाचा वाटा,” म्हणाली, आणि घागर उचलून वांग्यांकडे वळली.