नकळत घडणारा पक्षपात आणि पृच्छा

वैर बाळगणारा मनुष्य दुसऱ्याविषयी अन्यथा बोलतो, हे समजण्यास कठीण नाही. विचार करण्याजोगी गोष्ट ही की, ज्याच्या चित्तात वैर नाही, असत्य बोलण्याची इच्छा नाही, जो नित्य नामस्मरण करतो, तोही आपल्या निकटच्या माणसांविषयी चुकीचा निवाडा देतो आणि तो सत्यच आहे अशा खात्रीने देतो. द्वेषातून उपजणाऱ्या विकल्पाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते; द्वेषावाचून उपजणाऱ्याची क्वचितच. घरात किंवा आश्रमात जो अबोला धरला जातो, तो पुष्कळदा या दुसऱ्या कारणाने.

विभक्त झालेल्या दोन भावांना निरनिराळे विचारून पाहावे. शेताचा भार मीच वाहिला, असे प्रत्येक जण सांगेल, आणि दोघांपैकी कोणी खोटे बोलत नसतो. रात्री पाण्याच्या पाळीवर जाणारा आपला गारठा जाणतो. दर पाडून मागणाऱ्या अडत्याशी दिवसभर हुज्जत घालणारा आपला शीण जाणतो. आपले कष्ट देहाने भोगलेले असतात, म्हणून आठवतात. दुसऱ्याच्या कष्टांचे फळ तेवढे आपल्या समोर येते.

१९७९ साली कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी या गोष्टीचे मापन केले. त्यांनी ३७ दांपत्यांतील पतीला व पत्नीला स्वयंपाक, स्वच्छता, मुलांचा सांभाळ अशा २० बाबींत ‘तुमचा वाटा किती’ असे विचारले. त्यांपैकी १६ बाबींत दोघांच्या वाट्यांची बेरीज पूर्णाहून अधिक भरली. येथे कोणी म्हणेल की, हा तर उघड अहंकार! परंतु भांडण उपस्थित करण्यातील वाटाही माणसे आपल्याकडे अधिक घेतात, असे दिसून आले. अपयशाचा वाटा अहंकार कशाला मागेल? मूळ कारण असे की, आपले कृत्य, बरे असो वा वाईट, स्मरणात चटकन येते आणि जे चटकन स्मरते तेच जीव पुष्कळ मानतो. ‘अन्यथाज्ञान’ हा शब्द आपल्या शास्त्रात फार मोठ्या अर्थाने येतो, त्याला या घरगुती व्यवहारात ओढू नये हे मी जाणतो. तथापि केसोबासांनी संकलित केलेल्या दृष्टान्तपाठातील हत्ती आणि आंधळे येथे आठवल्यावाचून राहत नाहीत. प्रत्येकाच्या हाताला जे लागले ते खरेच होते. चूक झाली ती भागाला पूर्ण म्हणण्यात.

आता उपाय कोणता? ‘निःपक्षपाती व्हा’ असा उपदेश आपण करतो; निरूपणात मीही वर्षानुवर्षे करीत आलो. तो बहुधा वाया जातो, असे मला आता वाटते. १९८४ साली लॉर्ड, लेपर व प्रेस्टन या संशोधकांनी देहान्त शिक्षेच्या पक्षाचे व विरोधाचे लोक घेतले आणि त्यांच्यापुढे दोन्ही बाजूंचा पुरावा ठेवला. काहींना न्यायाधीशाप्रमाणे निःपक्षपाती राहण्यास सांगितले, तरी ते आपापल्या मताकडेच अधिक झुकले. ज्यांना ‘हाच पुरावा उलट निष्कर्षाचा असता तर तुम्ही तो असाच तोलला असता काय?’ हे स्वतःला विचारण्यास सांगितले, त्यांचा कल मात्र पुष्कळ आवरला. प्रामाणिकपणाचा संकल्प ज्यांना अपुरा पडला, त्यांच्या शेजारी एका नेमक्या प्रश्नाने काम केले. विद्वत्ता येथे तारक ठरेल, या भ्रमातही राहू नये. आपल्यापेक्षा इतरच अधिक पक्षपाती आहेत, ही समजूत तीव्र बुद्धीच्या माणसांत कमी नसते, असे २०१२ च्या एका अभ्यासात आढळले. शास्त्री म्हणवणाऱ्या आम्हा मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

‘दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा’ हा दुसरा प्रचलित उपदेश. त्याने मन मृदू होत असेल, पण ज्ञान होते काय? २०१८ साली इयाल, स्टेफेल व एप्ली यांनी २५ प्रयोगांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या जागी आहोत अशी कल्पना केल्याने त्याचे मन अधिक अचूक कळले नाही. त्याच्याशी बोलल्याने कळले. कल्पनेत आपण त्याच्या जागी जातो खरे, परंतु जाताना आपलेच डोळे घेऊन जातो. म्हणून पृच्छा करावी, आणि तीही उत्तर गृहीत न धरता.

हे लिहिण्याचा अधिकार मला एका चातुर्मासाने दिला. आमच्या आश्रमात पाठ मी घेत असे. कोठी, पाहुणे व वृद्ध बाबांची सेवा एका ज्येष्ठ गुरुबंधूंकडे होती. आश्रमाचा खरा भार माझ्यावर आहे, हे ते मानत नाहीत, असा सल माझ्या मनात वाढत गेला. दंडवत होई, बोलणे होत नसे. शेवटी एका संध्याकाळी, काहीशा परीक्षकाच्याच भावाने, मी विचारले, “दादा, या पंधरवड्यात माझ्या नजरेआड आपण काय काय केलेत?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग सांगू लागले. बाबांना दर रात्री दोनदा उठवावे लागे. वाण्याची मागील थकबाकी त्यांनी हप्त्याने फेडत आणली होती. एका विद्यार्थ्याला ताप चढल्याने रात्री तालुक्याला नेले होते. आणि मी निरूपणाला परगावी गेलो असता छत गळून माझी पोथ्यांची पेटी भिजली. ती पाने त्यांनी दोन दिवस चुलीच्या उबेला एकेक करून वाळवली होती. पेटी मी नंतर उघडली होती. पाने किंचित फुगलेली दिसली, तेव्हा ‘कोणीतरी हलगर्जीपणे हाताळली’ असे मनाशी म्हटले होते.

“आता तुम्ही सांगा, शास्त्री,” ते म्हणाले, “मीही दोन महिने मनात एक धरून बसलो आहे.”

पाठाच्या तयारीसाठी मी पहाटे तीनला उठतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. रात्री दिवा मालवण्याचे मी विसरतो आणि कोठीतले तेल फुकट जाळतो, अशी त्यांची समजूत होती.