जुना सीडीआय परत लावून बघा

जिंतूर असो, पाथरी असो की गंगाखेड, परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गॅरेजसमोर एखादी जुनी हिरो होंडा उभी असतेच. कंपनीनं हे नाव २०११मध्ये सोडलं, गाड्या मात्र अजून रानात जातात.

तक्रार नेहमीची असते. किक मारून पाय भरून आला, गाडी काही चालू होत नाही. मेकॅनिक प्लग काढतो, इंजिनला टेकवून किक मारतो. ठिणगी नाही. दोष प्लगच्या कॅपमध्ये असेल, कॉइलमध्ये, सीडीआयमध्ये, नाहीतर मधल्या एखाद्या वायरीत. तो नवा सीडीआय लावतो आणि गाडी पहिल्या किकला चालू होते. गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जातं.

पण सीडीआय बदलताना सॉकेट निघाला आणि पुन्हा बसला. पावसानं हिरवट पडलेल्या पिना त्यात घासल्या गेल्या. मग गाडी चालू झाली ती नव्या सीडीआयमुळे की घासलेल्या पिनांमुळे?

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात यासाठी नेमके शब्द आहेत. कारण आहे तिथं कार्य आहे, हा अन्वय. कारण नाही तिथं कार्यही नाही, हा व्यतिरेक. नवा पार्ट लावून गाडी चालू झाली, हा झाला नुसता अन्वय. व्यतिरेकासाठी जुना सीडीआय परत लावून बघायला हवं. गाडी पुन्हा बंद पडली तर दोष त्याचाच. चालूच राहिली तर तो बिचारा निर्दोष. काम दोन मिनिटांचं, पण त्यात विकलेला पार्ट परत घ्यावा लागण्याची भीती असते. म्हणून ते सहसा होत नाही.

मग मेकॅनिक खोटं बोलला का? त्याला तर मनापासून वाटतं की सीडीआयच गेला होता. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानं १८७७च्या निबंधात एक जहाजमालक रंगवलाय. जहाज जुनं झालंय, शंका आहे, पण तपासणीला खर्च येतो. तो स्वतःची समजूत काढतो आणि प्रवाशांना पाठवून देतो. क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी हा दोषीच. कारण समोरच्या पुराव्यावर तसं मानण्याचा त्याला हक्क नव्हता.

मला हे पटतं, पण अर्धंच. जहाजमालकाला तपासणी परवडत होती. इथं काय होतं बघा. हँडल वळवलं की गाडी बंद पडते. मेकॅनिक टेस्ट लॅम्प घेऊन तासभर शोधतो. हँडलच्या मानेपाशी, रोज वाकून वाकून, एका वायरीतलं तांबं आतून तुटलेलं असतं. वरचं प्लास्टिक शाबूत. तो जोड देतो, टेप मारतो. मजुरी सांगितली की आपण म्हणतो, “टेपच्या तुकड्याचे एवढे?” पार्टचे पैसे निमूट देणारे आपण शोधण्याचे देत नाही. ती सोयीची समजूत त्याला आपणच शिकवतो.

स्वस्त उपाय तोच प्रामाणिक, असंही नाही. काळ्या चिखलात हाफ क्लचवर गाडी काढली की पुढं क्लच घसरतो: इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही. आधी क्लच वायरचा प्ले बघायचा. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर हवा. वायर ताणलेली असली तर नुसता नट फिरवून काम होतं. पण प्लेटा खरंच जळाल्या असतील तर नट फिरवत बसणं म्हणजे गिऱ्हाइकाला पेरणीच्या दिवसांत अर्ध्या रस्त्यात सोडणं.

आणि ती काळी-पांढरी वायर. जुन्या एसी सीडीआयच्या गाड्यांत चावी बंद केली की ही वायर चॅसीला जोडली जाते आणि ठिणगी थांबते. ती कुठं घासून चॅसीला लागली तर चावी चालू असूनही करंट येत नाही. सीडीआयपाशी ती सोडवायची. ठिणगी आली तर सीडीआय ठीक, दोष वायरीत किंवा स्विचमध्ये. तपासणी म्हणून हे उत्तम. पण काहीजण ती तशीच सुटी ठेवून गाडी देतात आणि बोलत नाहीत. मग चावी काढली तरी इंजिन चालूच राहतं. गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून ते बंद पाडावं लागतं. शिवाय कुणीही किक मारून गाडी घेऊन जाऊ शकतं. हे नीट सांगितलं, तर रात्री पाणी द्यायला जाणारा शेतकरी कदाचित म्हणेलही, “राहू द्या मिस्तरी, पुढच्या बाजाराला आलो की करू.”