पुढचे दोन शाफ्ट काढल्यावर गाडी तीच राहते का?

सुबारू इम्प्रेझा लिफ्टवर घ्यायची, पुढच्या चाकांना ताकद पोचवणारे दोन्ही ड्राइव्हशाफ्ट काढायचे आणि गाडी खाली उतरवायची. हिशेब सोपा वाटतो: चार चाकांतून दोन वजा, उरली मागची दोन, तीच आता गाडी ढकलतील. इंजिन सुरू होतं, पहिला गिअर पडतो, क्लच सुटतो आणि गाडी पुढे जायचं नाव घेत नाही.

गोम आहे सेंटर डिफरन्शियलमध्ये. इंजिनाची ताकद पुढे आणि मागे वाटून देणं हे त्याचं काम. पण एका बाजूला जेवढा विरोध असेल, तेवढाच जोर तो दुसऱ्या बाजूला देऊ शकतो. पुढे आता काही जोडलेलंच नाही, त्यामुळे विरोध जवळजवळ शून्य आणि साऱ्या फेऱ्या तिकडेच निसटतात. मॅन्युअल गिअरच्या बऱ्याच इम्प्रेझांत व्हिस्कस कपलिंग असतं. ते मागच्या चाकांना थोडी ओढ देतं खरं, पण सगळा भार त्याच्यावर पडला तर तापून कामातून जातं. म्हणून मेकॅनिक डिफरन्शियल उघडून त्यातले गिअर वेल्ड करतात किंवा त्याच्या जागी अखंड तुकडा बसवतात. काढलेला शाफ्ट अख्खा भंगारात टाकूनही चालत नाही. हबमधलं बेअरिंग त्याच्याच बाहेरच्या टोकाने आणि नटाने आवळून धरलेलं असतं. ते टोक वेगळं करून पुन्हा हबमध्ये बसवावं लागतं. ताकद वाहण्याचं काम संपलं तरी चाक धरून ठेवण्याचं काम त्याच्याकडे राहतंच.

एवढा खटाटोप कशासाठी? टायरची पकड मर्यादित असते. पुढच्या टायरने वळायचंही आणि ओढायचंही म्हटलं, तर ओढण्यात गेलेली पकड वळण्याला कमी पडते. ड्रिफ्टिंगमध्ये मागची चाकं मुद्दाम घसरवून पुढच्या चाकांनी गाडी सावरायची असते, त्यामुळे पुढची चाकं मोकळी हवीत. जपानच्या डी१ ग्रां प्री स्पर्धेत नोबुशिगे कुमाकुबो 2006 साली विजेता ठरला तो असं रूपांतर केलेल्या इम्प्रेझावर. रॅलीच्या चिखलात चार चाकांच्या जोरावर नाव कमावलेल्या गाडीचीच ही बहीण. रस्त्यावरची बेंटली कॉन्टिनेंटल जीटी चारही चाकांवर चालायची. तिचा जीटी३ शर्यतीचा अवतार मात्र फक्त मागच्या चाकांवर आणि तब्बल हजार किलोंहून अधिक हलका.

या कामामागे शौकिनांची एक श्रद्धा असते. चार चाकांची यंत्रणा म्हणजे वरून चढवलेलं ओझं. ते उतरवलं की आतली शुद्ध, खरी गाडी मोकळी होते, असं त्यांना वाटतं. ऐकायला हे थेट वेदान्तासारखं आहे. उपाधी एकेक करून बाजूला सारा. जे सारता येत नाही ते स्वरूप, आणि ते आधीपासून तसंच होतं. आत्म्याच्या बाबतीत हा युक्तिवाद टिकतो की नाही ते वेदान्ती जाणोत. गाडीच्या बाबतीत तो पहिल्याच गिअरमध्ये अडकतो, कारण शाफ्ट काढल्यावर आतून शुद्ध गाडी प्रकट होत नाही, न चालणारी गाडी प्रकट होते.

वाहन आणि त्याचे भाग यांचं नातं काय, हा प्रश्न भारतात दोन हजार वर्षांपासून चर्चेत आहे. ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथातला राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन ही नावं मराठी माणसाला निदान छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) मिलिंद महाविद्यालयामुळे आणि नागसेनवनामुळे ओळखीची आहेत. राजा रथातून आला, हे ऐकून नागसेन त्याला विचारतो: दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? जू? लगाम? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. सगळ्यांची बेरीज म्हणजे रथ का? त्यालाही नाही. मग रथ कुठे आहे? या भागांच्या आधाराने चालणारं ते एक व्यवहारातलं नाव आहे, इथवर राजा स्वतःच येतो. नागसेनाच्या बाजूने पाहिलं तर गाडी तीच राहिली का, हा प्रश्न निकालात निघतो. ‘ती’ अशी काही वस्तू मुळात नव्हतीच.

ग्रीकांचं थीसिअसचं जहाज याच जातीचं कोडं आहे, पण तिथे फळ्या बदलतात. इथे भाग बदलत नाहीत, कमी होतात. त्यावर नेमकं बोट ठेवलं ते न्याय-वैशेषिकांनी. अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, ही अवयवांहून वेगळी आणि खरी असते, असं ते मानतात. त्यामुळे वस्त्रातून एक धागा काढला तर जुनं वस्त्र नष्ट होतं आणि उरलेल्या धाग्यांतून नवं वस्त्र जन्माला येतं. त्याला ते खंडपट म्हणतात. विरोधकांना यात अतिरेक दिसला. जैन दार्शनिकांनी मधली वाट धरली: उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रानुसार जे सत् आहे त्यात उत्पत्ती, नाश आणि स्थैर्य तिन्ही एकाच वेळी असतात. द्रव्य टिकतं, पर्याय बदलतात.

गॅरेजमध्ये या मतांची परीक्षा घ्यायची तर इम्प्रेझाच्या शेजारी 1989 ची निसान स्कायलाइन जीटी-आर, म्हणजे आर३२, उभी करावी. तिच्यात सेंटर डिफरन्शियल नाही. मागची चाकं इंजिनाला थेट जोडलेली आहेत. ती घसरू लागली की गिअरबॉक्सच्या मागचा हायड्रॉलिक दाबाचा क्लच आवळतो आणि ताकदीचा काही वाटा पुढे पाठवतो. दाब नसेल तर क्लच सैल आणि गाडी मागच्या चाकांची. म्हणून तिचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढला तरी ती मुकाट्याने चालू लागते. त्याच पिढीच्या स्कायलाइनची साधी, फक्त मागच्या चाकांवर चालणारी मॉडेलंही निसान विकत होतीच. म्हणजे इथे शौकिनाची श्रद्धा बऱ्याच अंशी खरी ठरते: मागच्या चाकांची गाडी आत खरोखरच होती. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनचं नेमकं उलटं. तिचा मूळ सांगाडा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कौटुंबिक लान्सरचा, इंजिन आडवं बसवलेलं. मागच्या चाकांची इव्हो कारखान्यात कधी जन्मलीच नव्हती. तिथे सुप्त रूप बाहेर येत नाही. मेकॅनिक ते नव्याने घडवतो.

कारखान्यांनाही हे ठाऊक आहे. 1968 पासून लॅम्बोर्गिनीत असलेला टेस्ट ड्रायव्हर व्हॅलेंटिनो बाल्बोनी याच्या नावाने कंपनीने 2009 साली गॅलार्डोची मागच्या चाकांची आवृत्ती काढली, फक्त 250 गाड्यांची. पुढची यंत्रणा गेल्यामुळे वजन साधारण 30 किलोंनी घटलं. पण कंपनी तेवढ्यावर थांबली नाही. स्प्रिंग, डॅम्पर, स्टॅबिलायझर बार, टायर, सगळं नव्याने जुळवलं आणि गाडीच्या नावातला ‘एलपी५६०-४’ जाऊन ‘एलपी५५०-२’ आला. एक धागा काढला, वस्त्र पुन्हा विणावं लागलं. वैशेषिक खूश झाले असते.

भारतीय कायदाही काहीसा त्यांच्याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत कारखान्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार करायला मनाई करतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच अर्थ लावला. तरी असा फेरफार केलेल्या गाडीवरचा चॅसिस नंबर जुनाच असतो. अवयवी बदलला म्हणून कायदा आक्षेप घेतो आणि ओळख पटवायला टिकलेलं द्रव्य धरतो, म्हणजे एकाच खिडकीवर वैशेषिक आणि जैन दोघेही बसलेले.

हा वाद सर्वांत बारीक होतो तो 2017 साली आलेल्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये. स्टॅबिलिटी कंट्रोल पूर्ण बंद करून मेन्यूतून टू-व्हील ड्राइव्ह निवडला की पुढे ताकद नेणारा क्लच सुटतो. एकही भाग निघत नाही, एक ग्रॅमही वजन कमी होत नाही. वैशेषिकांच्या मते भागांचा संयोग तुटला तरी अवयवी नष्ट होतो, पण तो संयोग ‘आरंभक’, म्हणजे वस्तू मुळात घडवणारा हवा. क्लचच्या पट्ट्यांची भेट आरंभक म्हणता येत नाही. ती जुळणार आणि सुटणार, हे एम५ च्या रचनेतच धरलेलं आहे, जसं ते आर३२ मध्ये होतं. या दोन्ही गाड्या त्यामुळे चार चाकांवरही त्याच आणि दोन चाकांवरही त्याच. इम्प्रेझाच्या डिफरन्शियलमधले गिअर मात्र एकमेकांपासून सुटण्यासाठी कुणी बसवलेले नव्हते. त्यांच्यावर वेल्डिंगची ठिणगी पडते तेव्हा जुनी गाडी संपते, चॅसिस नंबर काहीही म्हणो.