विकणाऱ्याचे मौन

आपल्या हैदराबादेत चौमहल्ला राजवाड्यातील पिवळी रोल्स-रॉइस अनेकांनी पाहिली असेल. सहावे निजाम महबूब अली खान यांनी मागविलेली ही १९१२ ची गाडी. ते १९११ सालीच वारले. गाडी दुरुस्त होऊन पुन्हा उभी आहे. ती विकावयाची नाही, म्हणून तिच्यात जुने किती व नवे किती हा प्रश्न कोणास टोचत नाही. गाडी विक्रीस निघाली की टोचतो.

अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेट घ्या. १९५३ साली अशा अवघ्या ३०० गाड्या निघाल्या, सर्व पांढऱ्या. वरचे अंग फायबरग्लासचे, ते गंजत नाही. खालचा सांगाडा पोलादी, तो गंजतो. रंग चकाकत असता खाली काय आहे, हे विकणाऱ्यालाच ठाऊक. पुढील वर्षांच्या गाड्यांत इंजिनावरील आकडा गाडीच्या क्रमांकाशी जुळला तर किंमत वाढते. मग जुना आकडा घासून नवा ठोकणारेही निघतात.

नवे भाग घालण्यात आम्हांस दोष दिसत नाही. ते कष्टाचे व बहुधा प्रेमाचे काम असते. पण "गिऱ्हाइकाने विचारले नाही, मग आम्ही का सांगावे?" हे आम्हांला पटत नाही. काय विचारावे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या अज्ञानाचे पैसे आपण त्याच्याकडूनच घेतो.

आम्हीही एकदा जुनी स्कूटर विकताना गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन गरम करून ठेवले होते. थंड इंजिनाला किती किका माराव्या लागतात, हे त्याला दुसऱ्या सकाळी कळले असेल.