अनवाणी

बूट काढून शेवटचं कधी धावलात? शाळेच्या मैदानावर आपण सगळेच अनवाणी हुंदडलो. पुढे बुटांची सवय लागली आणि तळपाय पार लाडावले. मी अलीकडेच बागेतल्या मातीच्या वाटेवर बूट हातात घेतले आणि निघाले. दवाने भिजलेली माती बोटांत शिरली, एक खडा नेमका टाचेखाली आला, आणि पाऊल आपोआप आखूड पडू लागलं. आधी टाच आपटायची, ती आता चवडा टेकल्यावर हलकेच उतरू लागली. कुणी शिकवलं नव्हतं! जाड तळव्याच्या बुटात टाच खुशाल आपटता येते. अनवाणी तो दणका थेट कळतो, म्हणून पाय स्वतःच जपून पडतो. हार्वर्ड विद्यापीठातले संशोधक डॅनियल लीबरमन यांनी २०१० साली हा फरक मोजून दाखवला.

इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० साली रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकली. १९६४ला टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला, आणि पुन्हा जिंकला. तेव्हा बुटांना लगेच नावं ठेवू नयेत.

अनवाणी धावायची हौस मात्र बेताने करावी, कारण दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरतात की जिना उतरताना कठडा आठवतो. आधी थोडं चाला, मग मऊ मातीवर जेमतेम पाच मिनिटं धावा. काचा-खिळे बघून. आणि मधुमेह असेल किंवा तळव्यांना बधिरपणा असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बूट काढू नका.