शस्त्रक्रियेपूर्वीचे सत्य आणि बालक

शस्त्रक्रियेला सामोऱ्या जाणाऱ्या बालकाला ‘काहीच दुखणार नाही’ असे सांगणे ही करुणा की असत्य, हा प्रश्न योगदर्शनातील अहिंसा आणि सत्य या दोन यमांच्या, म्हणजे मूलभूत संयमांच्या, सीमेवर उभा राहतो. योगसूत्रांवरील व्यासभाष्यानुसार प्राणिमात्रांचा घात करणारी वाणी सत्य ठरत नाही, आणि याच विचाराच्या आधारे वडीलधारी मंडळी लपवाछपवीचे समर्थन करू शकतात. परंतु तो आधार लंगडा आहे, कारण वाणी फसवी, भ्रांत किंवा ऐकणाऱ्याला बोध न होणारी नसावी, अशी अट तेच भाष्य घालते. यातील शेवटची अट विशेष मोलाची आहे: भूल देणे, म्हणजे औषधाने संवेदना थांबवणे, हे बालकाच्या भाषेत उलगडले नाही, तर खरे बोलूनही सत्य अपुरेच राहते. शस्त्रक्रिया चालू असताना वेदना जाणवणार नाही, जाग आल्यावर मात्र जखम दुखेल आणि त्यावर औषध मिळेल, एवढे त्याला निश्चितच सांगता येते. भारतीय कायदा 12 वर्षांखालील बालकाची संमती सामान्यतः ग्राह्य धरत नाही, म्हणून स्वाक्षरी पालकांची असते; तरीही संयुक्त राष्ट्रांचा 1989 चा बालहक्क करार, जो भारताने 1992 मध्ये स्वीकारला, बालकाच्या मताला वय आणि परिपक्वतेनुसार वजन देण्यास सांगतो, आणि जे कळलेच नाही त्याविषयी मत बनवणे कोणत्याही वयात अशक्य असते.